पाण्याखाली गेलेला पाला, गवत आणि माती: धरणाचं पाणी नेमकं कशाने बिघडतं?

ओहोळ (धागालेखक)

नव्या धरणाची चर्चा निघाली की बुडीत क्षेत्रात झाडं किती, हा आकडा आधी पुढे येतो. पर्यावरणासाठी तो महत्त्वाचा आहेच. पण पाणी प्यायला कसं लागेल हे त्यावरून फारसं कळत नाही. चार फूट घेराचा ऐन किंवा किंजळ पाण्याखाली गेला तर त्याचं खोड वर्षानुवर्षं तसंच उभं राहतं. पाणी बिघडवतो तो त्याचा पाला, खाली पडलेला पाचोळा, गवत, कारवीसारखी झुडपं आणि मातीचा वरचा वीतभर काळसर थर.

याचं गणित सोपं आहे. वाळलेल्या पाल्यात वजनाच्या साधारण ४५ टक्के कर्ब असतो. १ किलो कर्ब पुरता कुजायला २.६७ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे १ किलो पाल्याला १.२ किलो. २५ अंश तापमानाच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला जेमतेम ८.३ मिलिग्रॅम. म्हणजे एक किलो कोरडा पाला जवळजवळ १४५ घनमीटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊ शकतो. दहा हजार लिटरचे चौदा टँकर भरून पाणी, आणि पाला पिशवीभर!

आता हेक्टरी ६ टन पाला-पाचोळा-गवत धरू (कोरडं वजन, उदाहरणापुरतं) आणि त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात कुजलं असं मानू. त्याला ३.६ टन ऑक्सिजन लागेल. त्याच हेक्टरवर १० मीटर खोल पाण्यात असतो फक्त ०.८ टन. पृष्ठभागावरून हवेतला ऑक्सिजन मिसळत राहतो, पण तो तळापर्यंत पोचला तरच उपयोग.

ऑक्सिजन संपला म्हणून कुजणं थांबत नाही. जिवाणू पुढच्या गोष्टीला हात घालतात, आणि ते ठरलेल्या क्रमाने होतं: आधी नायट्रेट, मग मातीतलं मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि सगळं आटोपलं की मिथेन. मँगनीज आणि लोह घनरूपात मातीला चिकटून असतात, ते विरघळून पाण्यात येतात. लोहाला धरून बसलेलं स्फुरदही (फॉस्फरस) त्याबरोबर सुटतं. सल्फेटवर पाळी आली की हायड्रोजन सल्फाइडचा, सडक्या अंड्यांसारखा वास. त्यामुळे तळाच्या पाण्यात काय वाढलंय हे पाहिलं की गाडी कुठल्या स्टेशनात आहे ते कळतं.

धागा एवढ्यासाठी काढला: पाणी अडवण्याआधी काय काढावं, काय राहू द्यावं, आणि धरण भरून गेलं असेल तर पुढे काय करता येतं. जाणकारांनी लिहावं.

तिखटजाळ

खोड कुजत नाही हे पटायला जड जातंय. अंगणात पडलेला ओंडका चार पावसाळ्यांत भुगा होतो की.

सह्यकडा

अंगणातल्या ओंडक्याला बुरशी आणि वाळवी खाते, आणि दोघांना हवा लागते. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन फोडणारी बुरशी ऑक्सिजनशिवाय कामच करत नाही. विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड घालायची जुनी पद्धत याच हिशेबावर उभी आहे. कायम पाण्यात राहिलं तर टिकतं. पाण्याच्या रेघेवर, जिथे कधी ओलं कधी कोरडं, तिथे मात्र कुजतं.

सुरिनाममधलं ब्रोकोपोन्डो जलाशय बघा. अफोबाका धरणाने १९६४ मध्ये सुमारे १५०० चौरस किलोमीटर वर्षावन जवळपास जसंच्या तसं बुडवलं. पाला कुजून इतका हायड्रोजन सल्फाइड सुटला की धरणावरच्या कामगारांना दोन वर्षं मुखवटे घालावे लागले. आम्लधर्मी पाण्याने यंत्रांचे भाग खाल्ले, आणि सुटलेल्या पोषकद्रव्यांवर जलपर्णी माजली. हे सगळं पाल्याचं आणि बारीक फांद्यांचं काम. खोडं? अर्धशतक उलटल्यावरही तिथली बुडालेली खोडं पाण्याखाली कापून इमारती लाकूड म्हणून विकली जातात. पनामाच्या गातून सरोवरातही तेच चालतं, आणि ते सरोवर त्याहून ५० वर्षं जुनं.

म्हणून "लाकूड काढून घेतलं, क्षेत्र साफ झालं" हा अहवाल वाचला की सावध व्हावं. बहुतेक वेळा ठेकेदार विकाऊ खोडं नेतो आणि शेंडे, फांद्या, पाला तिथेच पसरून जातो. पाण्याच्या दृष्टीने नेमकं उलटं काम! न कुजणारं नेलं आणि कुजणारं ठेवलं.

कारवी

सहमत. त्यात तोडणीचा महिना चुकला तर पैसे अक्षरशः पाण्यात. साग, ऐन, किंजळ, जांभूळ ही सगळी बुंध्यापासून फुटणारी झाडं. घळभरणीच्या (धरणाची शेवटची मोकळी फट बुजवून पाणी अडवण्याच्या) दोन वर्षं आधी तोडली तर एका पावसाळ्यात बुंध्याला डोक्याएवढे धुमारे येतात, रिकाम्या जागेत सूर्यप्रकाश मिळाल्याने गवत आणि रानमोडी माजते. म्हणजे कडक लाकडाच्या जागी सगळा कोवळा, लवकर कुजणारा माल तयार. तोडणी आणि पाला उचलणं, दोन्ही घळभरणीच्या लगेच आधीच्या जानेवारी ते मे या काळात व्हायला हवं. घळभरणी लांबली (आणि आपल्याकडे लांबतेच) तर गवताची कापणी पुन्हा करायची तरतूद निविदेतच हवी.

धरणाखालचा

मग पेटवून का देत नाहीत? एका उन्हाळ्यात साफ.

कारवी

कोकणात, मावळात राब कशासाठी भाजतात? राखेतलं स्फुरद आणि पालाश रोपाला मिळावं म्हणून. अख्खं बुडीत क्षेत्र पेटवलं म्हणजे जलाशयाच्या तळाला राब भाजल्यासारखंच झालं. कर्ब आणि बराचसा नत्र धुरावाटे जातो, हा खरा फायदा, ऑक्सिजनची मागणी कमी होते. पण स्फुरद राखेतच राहतं आणि पहिल्या पाण्यात सहज विरघळतं. पाणी हिरवं होतं. ते शेवाळ मेलं की पुन्हा तळाला जाऊन ऑक्सिजन खातं. पुढच्या दाराने काढलेला कर्ब मागच्या दाराने आत.

जाळायचंच असेल तर ढीग पूर्ण संचय पातळीच्या वर, पाणी चढणार नाही अशा जागी करावेत. त्याहून बरं म्हणजे गवत चाऱ्याला आणि पाला खताला नेऊ द्यावा. आसपासच्या गावांना वेळेवर सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी हे काम फुकटात होतं.

एक गोष्ट मात्र ठामपणे: बुलडोझर लावून मुळासकट उपटू नये. उतारावरची मुळं माती धरून ठेवतात. बुंधा जमिनीलगत कापा, मूळ राहू द्या. उघडी पडलेली माती पहिल्या दोन पावसाळ्यांत लाटांनी तळाला जाते आणि गढूळपणाचा वेगळाच ताप होतो. बुंध्यांत जाळी अडकतात म्हणून मच्छीमार नाराज असतात, त्यामुळे मासेमारीचे ठरावीक पट्टे आधी ठरवून तेवढे मोकळे करावेत.

ओहोळ

वरची माती खरवडून काढण्याबद्दलही वाद जुना आहे. बोस्टन शहरासाठी वाचुसेट जलाशय बांधला (धरण १९०५ मध्ये पूर्ण झालं) तेव्हा तळाची सुपीक माती अक्षरशः उचलून बाहेर टाकली होती. त्यानंतर काही वर्षांतच न्यूयॉर्कने अशोकन जलाशयासाठी हिशेब मांडला आणि माती काढायची नाही असं ठरवलं. त्याऐवजी पाणी हवेत उडवणारी कारंज्यांची मोठी रचना केली.

आपल्या मापात हिशेब असा: एका हेक्टरवरून ३० सेंटिमीटर माती म्हणजे ३००० घनमीटर. डंपर १० घनमीटरचा धरला तर ३०० खेपा. शंभर हेक्टरच्या लहानशा तलावालाही ३०,००० खेपा. शिवाय ती माती टाकायची कुठे? म्हणून मी म्हणेन, सरसकट माती काढणं विसरा. पाणी उचलण्याच्या जागेभोवतीचा पट्टा, दलदलीचे तुकडे, भातखाचरं, गोठे आणि उकिरडे एवढंच काढा. माती काढणं तिथेच परवडतं. शोषखड्डे उपसून, चुना टाकून मुरमाने भरायचे, जुन्या विहिरीही बुजवायच्या, हे तर धरूनच चाललोय.

जॅकवेल

वरची सगळी चर्चा नव्या धरणांची. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला भरलेलं धरण येतं, म्हणून तिकडे वळतो.

माझ्या मते खरा खेळ थरांचा आहे. मार्चपासून ऊन वाढलं की वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यावर झाकणासारखं बसतं. वारा वरच्यावर ढवळत राहतो, तळाला हवा मिळत नाही. थंड देशांतली पुस्तकं सांगतात की वरच्या-खालच्या तापमानात मोठा फरक लागतो. आपल्याकडे लागत नाही. ८ अंशांवरून ९ वर जाताना पाण्याची घनता जेवढी घटते त्याच्या चौपट ती २८ वरून २९ वर जाताना घटते. दोन-तीन अंशांचा फरकही झाकण घट्ट बसवायला पुरतो.

हे फक्त घाण जाणाऱ्या तलावांत होतं असा समज आहे. तिलारीचा जलाशय बघा. वस्ती, कारखाने यांचा त्रास फार कमी. तरीही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांना तिथे उन्हाळ्यात थर पडलेले आणि तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपलेला आढळला. पुढची पायरी, म्हणजे नायट्रेट खाल्लं जाणं, तेही तिथे दिसलं.

आता आपल्या लहान योजनांमध्ये पाणी कुठून घेतात? बऱ्याचदा सिंचन विमोचकातून (कालव्याला पाणी सोडायच्या दारातून), म्हणजे मृत साठ्याच्या, तळाजवळच्या पातळीवरून. अगदी त्या झाकणाखालून! मे महिन्यात सगळ्यात वाईट पाणी मुद्दाम निवडून उचलल्यासारखं आहे. पाणी घेण्याच्या मनोऱ्याला वेगवेगळ्या उंचीवर दारं असतील तर पृष्ठभागाखाली ३ ते ४ मीटरवरचं दार वापरा. शेवाळाच्या साईच्या खाली आणि झाकणाच्या वर. दारं नसतील तर तराफ्यावर पंप आणि लवचीक पाइप, हा स्वस्त मार्ग. पाणी घेण्याची जागा चार-पाच मीटर वर नेल्याने जो फरक पडतो तो शुद्धीकरणात लाखो रुपये ओतून पडत नाही.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. एक, दोन-तीन दिवस जोराचा वारा एकाच दिशेने राहिला की वरचं पाणी एका काठाला सरकतं आणि दुसऱ्या काठाला झाकणाखालचं पाणी वर येतं. जॅकवेल (धरणातलं पाणी उचलायची विहीर) त्या बाजूला असेल तर काही तास किंवा दिवस अचानक काळपट पाणी येतं आणि मग आपोआप थांबतं. प्रयोगशाळेत नमुना पोचेपर्यंत सगळं ठीक! दोन, जूनचं पहिलं गढूळ पाणी थंड आणि जड असतं. ते तळाने घुसतं आणि तिथलं जुनं पाणी वर ढकलतं. "पावसाने पाणी खराब केलं" म्हणतो ते पुष्कळदा उन्हाळ्याचं साठलेलं पाणी असतं.

तिखटजाळ

पण राव, हे सगळं पहिली पाच-दहा वर्षं ना? एकदा पाला कुजून गेला की विषय संपला.

गाळपेर

संपला असता, जर धरण कायम भरलेलं राहिलं असतं तर.

आपल्याकडे पाणी दरवर्षी उतरतं आणि काठचा मोठा पट्टा उघडा पडतो. उजनी, जायकवाडीच्या काठाला त्यावर गाळपेर होते: हरभरा, ज्वारी, कलिंगड, काकडी, दुष्काळी वर्षात चारा. त्यासाठी खत पडतं, औषध फवारलं जातं, पीक निघाल्यावर धसकटं आणि पाला रानातच राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये ते सगळं पुन्हा बुडतं. जिथे पेरत नाहीत तिथे बेशरम आणि गवत उगवतं, तेही बुडतं. काठापुरतं बोलायचं तर दरवर्षी नव्याने धरण भरल्यासारखंच आहे.

त्यात सुकलेली माती पुन्हा भिजली की काही दिवसांतच तिच्यातून अमोनिया आणि स्फुरद एकदम सुटतं, कारण सुकताना मेलेल्या जिवाणूंचा माल मोकळा झालेला असतो. भेगा पडलेल्या काळ्या मातीत पाणी खोलवर शिरतं, त्यामुळे तिथे हे जास्त.

गाळपेर बंद करा असं मी म्हणणार नाही, त्या जमिनीवर ज्यांची चूल चालते त्यांच्या जमिनी आधीच पाण्याखाली गेल्यात. पण करता येण्यासारखं बरंच आहे. गाळात नत्र-स्फुरद मुळातच भरपूर, रासायनिक खताची गरज फार थोडी असते. धसकटं जूनआधी गुरांना चारून किंवा उचलून न्यावीत. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून काही अंतराचा पट्टा वगळावा. आणि बेशरम कापून तिथेच टाकू नये, फांदी ओल्या गाळात पडली की मूळ धरते, एकाची दहा होतात.

चीनच्या थ्री गॉर्जेस जलाशयातही हाच प्रश्न आहे. तिथे पाणी १७५ मीटरवरून १४५ वर उतरवतात, सुमारे ३५० चौरस किलोमीटर पट्टा दरवर्षी उघडा पडून पुन्हा बुडतो. आपल्याशी एक फरक: तिथे पूरनियंत्रणासाठी पाणी उन्हाळ्यात खाली ठेवतात आणि हिवाळ्यात भरतात. म्हणजे वाढीच्या ऐन हंगामात जमीन उघडी.

धरणाखालचा

जॅकवेल, दार बदलणं शक्यच नसेल तर? आमच्याकडे तुरटी आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर यापलीकडे काही नाही. आणि वास आला की पावडर वाढवतात.

जॅकवेल

पावडर वाढवणं हीच पहिली चूक. सांगतो कशी.

तळाच्या पाण्यात क्लोरिन खाणारे बरेच गिऱ्हाईक असतात. १ मिलिग्रॅम लोहाला साधारण ०.६४ मिलिग्रॅम क्लोरिन लागतो, मँगनीजला १.३. हायड्रोजन सल्फाइडला नुसता गंधकापर्यंत न्यायला २, आणि सल्फेटपर्यंत पुरता न्यायला ८ पेक्षा जास्त. अमोनियातला १ मिलिग्रॅम नत्र संपवायला कागदावर ७.६, प्रत्यक्षात ८ ते १०. हे सगळं फेडल्याशिवाय नळाला ०.२ मिलिग्रॅम शिल्लक दिसत नाही. म्हणून ऑपरेटर टाकत सुटतो. दुसरीकडे कुजलेल्या पाल्यातून आलेला सेंद्रिय कर्ब पाण्यात असतोच, त्याच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडं तयार होतात. भारतीय मानकात क्लोरोफॉर्मला लिटरला ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण गावपातळीवर ती कोण मोजतंय?

क्रम असा ठेवा. आधी हवा: पाणी पायऱ्यांवरून पातळ पडद्यासारखं पडू द्या. वास आणि मिथेन निघून जातो, लोह ऑक्सिजनने गंजासारखं बाहेर पडतं. पीएच ७.५ च्या आसपास असेल तर लोहाला एवढं पुरतं. मँगनीज हट्टी. नुसत्या हवेने त्याला पीएच ९ च्या वर लागतो, म्हणून तिथे पोटॅशियम परमँगनेट. १ मिलिग्रॅम मँगनीजला १.९२, लोह शिल्लक असेल तर त्याला ०.९४ वेगळं. तुरटीच्या आधी १०-१५ मिनिटं द्या. मात्रा जार टेस्टने ठरवा: एकेका भांड्यात वाढवत जा, जिथे गुलाबी रंग टिकून राहतो त्याच्या एक पायरी मागे या. जास्त पडलं तर नळाला गुलाबी पाणी आणि ग्रामपंचायतीत मोर्चा.

मग तुरटी. चहासारखा तपकिरी रंग काढायचा असेल तर पीएच ६ च्या जवळ लागतो. इथे कोकणातले लोक फसतात. पाणी मऊ, अल्कलिनिटी (आम्ल झेलून पीएच टिकवायची ताकद) कमी. १ मिलिग्रॅम तुरटी साधारण ०.५ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते, पीएच कोसळतो, गोळे धरत नाहीत. म्हणून चुना आधीच भरपूर टाकतात, तर पीएच वर जातो आणि रंग निघत नाही. चुना सुरुवातीला तुरटी चालेल इतकाच, उरलेला गाळणीनंतर. क्लोरिन सगळ्यात शेवटी.

वाळूच्या गाळणीचे दाणे काही आठवड्यांत काळे होतात, त्याला घाबरू नका. तो मँगनीज ऑक्साइडचा लेप आहे आणि तो स्वतःच मँगनीज पकडतो. "वाळू खराब झाली" म्हणून बदलून टाकणारे पाहिले की वाईट वाटतं.

बाटलीबंद

नमुन्याबद्दल थोडं, कारण अर्धे वाद चुकीच्या नमुन्यावर चालतात.

तळाचं पाणी बाटलीत वर येतं तेव्हा काचेसारखं स्वच्छ असतं. नाकाला वास येतो, पण डोळ्याला काही दिसत नाही. बाटली उघडी ठेवून अर्धा तास थांबा. आधी किंचित पिवळसर, मग दुधात हळद टाकल्यासारखं गढूळ, मग तळाला तांबूस गाळ. हे विरघळलेलं लोह हवा लागल्यावर बाहेर पडतंय. मँगनीज याहून सावकाश, कधी कधी पार नळापर्यंत जाऊन टाकीच्या तळाला काळी, बोटाला गुळगुळीत लागणारी साय धरतं. पांढऱ्या कपड्यांना ब्लीचिंग लावलं की डाग उजळण्याऐवजी तपकिरी होतात, ही त्याची घरगुती खूण. मानकात मँगनीज लिटरला ०.१ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत.

म्हणून लोह-मँगनीजचा नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली न्यायचा. नाहीतर प्रयोगशाळेत जाईपर्यंत लोह बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि अहवाल येतो "आढळले नाही".

ऑक्सिजनसाठी मीटर नसेल तर विंकलर पद्धत अजूनही उत्तम. ३०० मिलीची बीओडी बाटली, बुडबुडा न अडकवता काठोकाठ. १ मिली मँगनस सल्फेट, १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. बूच लावून पंधराएक वेळा उलटसुलट. आता नीट बघा: साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराशुभ्र आला तर नाही. टायट्रेशनच्या आधीच, होडीत बसल्याबसल्या निकाल समजतो. मग १ मिली सल्फ्युरिक आम्ल, २०१ मिली द्रावण घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन, जेवढे मिली तेवढे मिलिग्रॅम प्रति लिटर. सल्फाइडचा वास तीव्र असेल तर आकड्यावर भरवसा ठेवू नका, पांढऱ्या साक्यावर ठेवा.

बादलीने काढलेलं पाणी बाटलीत ओतून ऑक्सिजन मोजणं म्हणजे हवाच मोजणं.

आणि एक धोक्याचं. अशा पाण्याच्या व्हॉल्व्ह चेंबरमध्ये किंवा रिकाम्या जॅकवेलमध्ये उतरताना वास आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, खाली साठतो, आणि जास्त प्रमाणात नाकच बधिर करतो. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत इथे चालत नाही. तो फक्त ऑक्सिजन आहे का ते सांगतो, आणि मिथेन असेल तर भडका. गॅस मीटर, पंख्याने हवा, वर दोरी धरून माणूस. यातलं एक जरी नसेल तर उतरू नये.

सह्यकडा

मिथेनचा विषय निघालाच आहे तर फ्रेंच गयानातलं पेती-सो. १९९४ मध्ये सिनामारी नदीवर जंगल न काढताच पाणी अडवलं. टर्बाइनमधून खाली जाणाऱ्या पाण्यात मिथेन विरघळलेला होता. नदीत तो खाणारे जिवाणू वाढले आणि त्यांनी खालच्या अंगाच्या नदीतला ऑक्सिजनही संपवत आणला. म्हणजे धरणात कुजलेल्या पाल्याचं कर्ज कित्येक किलोमीटर खालच्या माशांनी फेडायचं. १९९५ मध्ये धरणाखाली दोन टप्प्यांचा खास बंधारा घातला, पाणी पडताना मिथेन उडून जावा आणि हवा मिसळावी म्हणून. नदीत किमान २ मिलिग्रॅम ऑक्सिजन राखायची अट होती. जॅकवेल यांच्या पायऱ्यांचंच हे मोठं रूप.

ओहोळ

कॅनडातलं एक काम इथे महत्त्वाचं आहे. ओंटारियोच्या प्रायोगिक सरोवर क्षेत्रात १९९३ मध्ये मुद्दाम एक दलदल बुडवून मोजमापं घेतली. तिथून बाहेर पडणारा मिथाइल पारा (पाऱ्याचं विषारी सेंद्रिय रूप) पहिल्याच वर्षी जवळपास ३९ पट झाला. मातीत साधा पारा आधीपासून असतो, ऑक्सिजन संपल्यावर सल्फेट खाणारे जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तो माशांत साठत जातो. क्वेबेकच्या ला ग्रांद जलाशयांत शिकारी माशांमधला पारा उतरायला दोन-तीन दशकं लागली. लॅब्राडोरमध्ये २०१६ साली मस्क्रॅट फॉल्सला पाणी भरू देण्याआधी झाडंच नव्हे तर मातीही काढा, असं म्हणत इनुइट लोकांनी आंदोलन केलं ते याच कारणासाठी.

१९९९ पासून त्याच संशोधन क्षेत्रात कमी-जास्त कर्ब असलेले तीन जंगलाचे तुकडे बुडवले. अपेक्षा अशी की जास्त कर्ब तिथे जास्त वायू. तसं झालं नाही. एकूण साठ्यापेक्षा लवकर कुजणारा भाग किती, यावर ठरलं. धाग्याच्या पहिल्या परिच्छेदात मी खोड आणि पाला वेगळे केले ते यामुळेच.

तिखटजाळ

मान्य, खोडाचा मुद्दा मागे घेतो. पण मग तळाला कॉम्प्रेसरने हवा सोडली की झालं ना? माशांच्या टाकीत सोडतात तशी.

जॅकवेल

होतं, पण वेळ साधली तर. पाणी ढवळायला प्रचलित अंदाज दर चौरस किलोमीटर पृष्ठभागाला मिनिटाला ९.२ घनमीटर हवा. ५० हेक्टरच्या तलावाला ४.६. पाणी २० मीटर खोल असेल तर नुसत्या पाण्याचा दाब २ बार, पाइपातला घर्षणाचा तोटा धरून कॉम्प्रेसर ३ बारच्या पुढचा, आणि तेलविरहित. छिद्रांचा पाइप तळापासून मीटरभर वर उचलून धरा, गाळात टेकला तर तुम्ही स्वतःच गाळ उडवत बसाल.

हवा फेब्रुवारीत सुरू करायची, थर पडायच्या आधी. लोकांना आठवण येते मे महिन्यात, वास सुटल्यावर. तेव्हा तळाला मँगनीज, अमोनिया, सल्फाइड सगळं साठलेलं असतं. हवा सोडली की ते झाकण फोडून पूर्ण तलावात मिसळतं, एका रात्रीत वरचा ऑक्सिजनही जातो आणि सकाळी काठाला मासे तरंगतात. मे उजाडला असेल तर कॉम्प्रेसरला हात लावू नका, वरचं पाणी उचला आणि पावसाची वाट बघा.

धरणाखालचा

ठीक. मीटर नाही, कॉम्प्रेसर नाही. यंदा एप्रिलमध्ये एकच गोष्ट करायची तर?

बाटलीबंद

दर मीटरला तापमान आणि चार खोलींवर विंकलरचा साका, महिन्यातून दोनदा, जॅकवेलजवळ. साधा थर्मामीटर वजनी बाटलीत बांधून खाली सोडा, त्या खोलीवर बाटली भरून पाच मिनिटं राहू द्या आणि भरलेल्या बाटलीसकट वर ओढा, म्हणजे वाचेपर्यंत आकडा बदलत नाही. ज्या खोलीवर साका पांढरा येतो ती खोली दर वेळी किती वर सरकली एवढंच वहीत लिहा. पाणी घेण्याच्या पातळीच्या दोन मीटर जवळ आली की तराफा आणि पंपाची तयारी.

गाळपेर

दोरी नायलॉनची घेणार असाल तर आधी भिजवा, वजन लावून ताणा आणि मग मीटरच्या खुणा करा. कोरड्या दोरीवर केलेल्या खुणा वीस मीटरवर चांगल्या चुकतात.

धरणाखालचा

खुणांना रंग कुठला टिकेल? ऑइलपेंट निघतो.

गाळपेर

रंग नको. पिळाच्या मधून चिंधी ओवून गाठ मारा, दर पाच मीटरला दोन चिंध्या. अंधार पडला तरी हाताला लागतं.